आठ दिवसांत देतो

मालू डोळे आखत असताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा कारखान्यातला न लिहिलेला नियम होता. मूर्तीचं अंग रंगवून झालं, सोंडेवरची नक्षी झाली, पितांबराचा काठ झाला की सगळ्यात शेवटी डोळे. बारीक कुंचला, रोखलेला श्वास आणि एका दमात ओढलेली रेघ. रेघ केसभर हलली तरी मालू अख्खा डोळा पुसून पुन्हा आखायची. पेणमधल्या गणपतीच्या त्या एकाच कारखान्यात तिला तीस वर्षं झाली होती. आली तेव्हा मूर्ती घासायला बसायची, मग अंगरंगाला बसली आणि गेली अठरा वर्षं फक्त डोळे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "मालूताईंचा हात लागेपर्यंत आमचा देव आंधळाच."

गणपतीला आठ-दहा दिवस राहिले होते. दारात गिऱ्हाइकांची गर्दी. त्या गर्दीतून पंचविशीची एक मुलगी, पाठीला सॅक लावलेली, सरळ मालूच्या पाटासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, इथे सखा मेकॅनिक कुठे राहतात?"

रेघ हलली.

मालूनं कुंचला वाटीत ठेवला. सखा मेकॅनिक तिच्याच घरात राहत होता, लग्न झाल्यापासून.

"काय काम हाय त्यांच्याकडं?"

"आमच्या आजीची स्कूटर आहे त्यांच्याकडे. दुरुस्तीला दिलेली."

"कधी दिलेली?"

मुलगी जरा ओशाळली. "बावीस वर्षं झाली."

मालूच्या डोळ्यांसमोर घरामागची पडवी आली. पडवीच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक धूड पडून होतं. ते आलं तेव्हा सखा म्हणाला होता, गिऱ्हाइकाची गाडी हाय, आठ दिवसांत जाईल. वर्षभरानं मालूनं विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाईकच फिरकत नाय. मग तिनं विचारणंच सोडलं. तिथं फळ्या टाकून तिला घरी चार छोट्या मूर्ती वाळवता आल्या असत्या, ते राहिलंच. पावसाळ्यात सखा ताडपत्री नीट खोचून यायचा, तेव्हा ती म्हणायची, "निजवलीत काय सवतीला? पांघरूण घातलंत?"

गिऱ्हाईक मेलं असेल, असंच ती धरून चालली होती.

"आजी हायत?" तिनं विचारलं.

"आहेत की. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत." मुलीचं नाव सुरभी. आजी म्हणजे गिरजाबाई, खांब-कोलाडच्या बाजूला सगळी हयात नर्स म्हणून काढलेल्या. दिवाळी झाली की सुरभी त्यांना कायमचं नाशिकला घेऊन जाणार होती, आपल्याकडे. "आजी चिडलेली वगैरे नाहीये हां. ती एवढंच म्हणाली, जायच्या आधी सखाला विचारून ये, झाली का म्हणून. नसली झाली तर राहू दे म्हणाली. पण विचार."

"राहता कुठं तुम्ही?"

"रोह्याला. म्हणजे पुलापलीकडे, अष्टमीला."

मालूनं त्या अर्ध्या डोळ्याकडं पाहिलं. मग फडकं ओलं करून तो पुसून टाकला.

अष्टमीला मालूची धाकटी बहीण सरू दिली होती. सरूच्या घरची बारशी झाली, मुंजीसारखा थाट करून वाढदिवस झाले, घरभरणी झाली, सरूच्या सासऱ्यांचं बारावं झालं. सखा एकदाही गेला नव्हता. दर खेपेला काहीतरी निमित्त. मालू एसटीनं एकटी जायची आणि सरूच्या सासूच्या "जावईबापूंना गॅरेजातून सुट्टी नाय वाटतं" या वाक्याला हसून परत यायची. सरूच्या नवऱ्यानं फार पूर्वी एकदा मस्करीत सखाला 'ग्रीसवाले दाजी' म्हटलं होतं. मालूनं सगळा हिशेब त्या एका शब्दाशी लावून ठेवला होता. माझ्या माणसांबद्दल यांच्या मनात अढी हाय, ही गोष्ट तिनं बावीस वर्षं गिळून ठेवली होती.

संध्याकाळी तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "गिरजाबाईंची नात आली होती कारखान्यात."

सखाच्या हातातली कपबशी वाजली. पण ती तशी रोजच वाजायची. चार वर्षं झाली त्याच्या हातांना कंप धरून. गॅरेज बंद केलं तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं, आता गाड्यांत कॉम्प्युटर आला, आपलं काम राहिलं नाय. खरं कारण मालूला माहीत होतं आणि मुलाला, आदर्शला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. बाहेर जाताना सखा दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकानं दुसऱ्याला घट्ट धरायचा. बघणाऱ्याला वाटावं, ऐटीत चाललाय.

"काय म्हणत होती?" त्यानं विचारलं.

"झाली का, म्हणून विचारलंय बाईंनी."

सखानं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "पिस्टन मिळंना गो. तेवढाच अडला होता. मुंबईच्या बाजारात किती खेपा घातल्या. त्या गाडीचे पार्ट यायचेच बंद झालेले. बाईंना आठ दिवस म्हनलं होतं. आठाचे पंधरा झाले, महिना झाला. त्या दोनदा येऊन गेल्या गॅरेजात. तिसऱ्यांदा मी मागच्या दारानं निघून गेलो."

"मग? मिळालाच नाय?"

"मिळाला. चार वर्षांनी."

"मिळाला?" मालूचा आवाज चढला. "मग बसवला का नाय?"

"चार वर्षं तोंड चुकवल्यावर पाचव्या वर्षी कुठलं तोंड घेऊन जायचं?" सखा म्हणाला. "बसवला असता तर न्यायला लागली असती ना गाडी. कपाटात ठेवलाय. अठरा वर्षं कपाटातच हाय."

मालूला हसावं का रडावं कळेना. मग एकदम तिला दुसरंच काही सुचलं.

"बाईंचं घर कुठं हाय अष्टमीत?"

"सरूच्या पुढं. तिसरं."

मालू उठली आणि आत गेली. भाताचे तांदूळ तिनं दोनदा धुतले. तिसऱ्यांदा धुवायला घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण काय करतोय ते. सरूकडं न येण्याचं कारण अढी नव्हतंच, ते तिसरं घर होतं.

*

गणपती गेले की पेणचे कारखाने थोडे दिवस सुस्तावतात. दसऱ्यापर्यंत मालूच्या दुपारी मोकळ्या असायच्या. एका दुपारी ती पडवीत बसून वाल सोलत होती. भिजवून मोड आणलेला वाल बोटाच्या चिमटीत धरायचा, नखानं किंचित दाबायचं की सालातून दाणा टुणकन बाहेर पडतो. बोटं आपोआप चालत होती. समोर सखानं ताडपत्री काढली होती.

गाडी लॅम्ब्रेटा होती. लांबट, खाली बसलेली, दोन्ही बाजूंना पालथ्या होडीसारखी दोन पॅनलं. मूळचा रंग आभाळी; आता त्यावर गंजाचे नकाशे. उजव्या पॅनलला ताटाएवढा खड्डा.

सखा डाव्या पॅनलची आतली बाजू तिला दाखवत होता. आत खिळ्यानं कोरलेल्या तीन खुणा होत्या. तीनदा 'स' आणि तीन तारखा. एकोणनव्वद, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

"हे काय?"

"इंजिन खोलून पूर्ण काम केलं की एक खूण करायची. उस्तादांनी शिकवलेलं. उद्या गाडी बिघडली तर दुसऱ्यावर ढकलता येऊ नये. ज्यानं काम केलं त्याचं नाव आत पायजे." त्यानं खुणांवरून अंगठा फिरवला. "आतून रंग मारशील तेव्हा एवढी जागा सोड."

"मी कशाला रंग मारतेय?" मालू म्हणाली.

"मग कोन मारनार? अख्ख्या पेणात तुझ्याएवढा हात हाय कुनाचा?"

मालूनं वालाचा दाणा उडवला. पण तिला बरं वाटलं.

सखा इंजिनाकडं वळला. गाडीचे सुटे भाग त्यानं रॉकेलच्या परातीत धुऊन वर्तमानपत्रावर मांडले होते. पिस्टनचा डबा उघडला. सोबत तीन रिंगा होत्या. "दोन लागतात. एक जादा मागून घेतलेली," तो म्हणाला. रिंग म्हणजे बिडाची बारीक बांगडी, एका जागी कापलेली. ती दोन अंगठ्यांनी नेमकी उघडायची आणि पिस्टनवरून सरकवत खाचेत बसवायची. जास्त उघडली तर तुटते. कमी उघडली तर पिस्टनला ओरखडा. सखानं हे काम आयुष्यात हजारदा केलं असेल, बोलता बोलता, तोंडात विडी धरून.

त्यानं रिंग उचलली. अंगठे टेकवले. हात थरथरू लागले तसा त्यानं श्वास रोखला, कोपरं पोटाशी आवळली.

कट्.

फार लहानसा आवाज. सखानं दोन तुकडे बघितले. ते वर्तमानपत्रावर ठेवले, एकमेकांना लावून, जणू तसेच ठेवले तर जुळतील. मग उठून मागच्या पायरीवर जाऊन बसला. दोन्ही हात काखेत दाबून.

मालूनं वाल बाजूला सारले. हात पदराला पुसले. जवळ जाऊन म्हणाली, "दोन लागतात ना?"

"व्हय."

"दोन राहिल्यात."

"तेच तर."

"मी घालू?"

सखानं मान वळवली. "तू?"

"मग कुनाला बोलवू? आदर्शला?"

आदर्श डोलवीला कंपनीत होता, शिफ्टमधून आला की झोपायचा. सखाला एवढ्यातही हसू आलं. "त्याला नको. तो बाटलीचं झाकन पन तोडून ठेवतो."

मालू पिस्टन हातात घेऊन बघत राहिली. मग आत गेली आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन आली. कारखान्यात जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर नक्षी कापून तिचे साचे करतात. ते शेल्याच्या काठाला लावून रंग मारतात. त्यामुळं पेणात गणपतीच्या कामातल्या बायका कुणाचा एक्स-रे टाकून देत नाहीत. तिनं कात्रीनं तीन अरुंद पट्ट्या कापल्या.

"कुनाचा हाय तो?"

"तुमच्याच गुडघ्याचा. गप बसा."

पट्ट्या तिनं पिस्टनभोवती उभ्या धरल्या, रिंग जेमतेम उघडून त्या पट्ट्यांवर टेकवली आणि वरून हळूहळू खाली सरकवली. एका दमात, श्वास रोखून. खाचेपाशी आल्यावर एकेक पट्टी ओढून घेतली. रिंग टिक् करून बसली. दुसरीही बसली.

सखा पायरीवरून उठून केव्हा शेजारी आला, तिला कळलं नव्हतं. त्यानं पिस्टन उचलून उजेडात फिरवला.

"इतकी पोरं शिकवली गॅरेजात," तो म्हणाला, "पहिल्या खेपेला एकालाबी जमलं नाय." मग तिच्याकडं न बघता, "मालू, बाईंना हे सांगू नको."

"काय?"

"हेच. हात तुझे हायत ते. त्यांना वाटू दे, सखानं केली."

मालूला वाटलं, कुणीतरी तिच्या चांगल्या आखलेल्या डोळ्यावर बोट फिरवलं. पण सखाचे हात पुन्हा काखेत गेले होते.

"नाय सांगत," ती म्हणाली.

त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्यात मीठ जरा जास्तच पडलं.

*

मग रोज दुपारी तेच. सखा स्टुलावर, मालू जमिनीवर फतकल मारून. तो सांगायचा, ती करायची.

"हळू."

"हळूच करतेय."

"आनखी आवळ. बास. बास म्हनलं ना!"

"ओरडू नका. मूर्ती कधी ओरडत नाय माझ्यावर."

"मूर्ती बिघडत नाय कधी."

"मी बिघडू देत नाय म्हणून."

काम करता करता सखा गिरजाबाईंच्या गोष्टी सांगायचा. पांढरं लुगडं, पुढच्या हुकाला अडकवलेली बॅग, आणि ही गाडी. त्या काळी त्या बाजूला बाई गाडी चालवते हेच नवल. "लांबून गाडीचा आवाज आला की बाळंतिणीच्या घरात पानी तापत ठेवायचे," सखा म्हणाला. "बाई पोचायच्या आधी पानी तयार. मला म्हणायच्या, सखा, आवाज बदलू नको हां गाडीचा. लोकांना कळलं पायजे मी येतेय." लग्नाच्या बायकोशी हा माणूस छत्तीस वर्षांत एवढं बोलला नव्हता.

एके दिवशी ठिणगीचे पॉइंट लावायचे होते. त्या दोन टोकांमध्ये फट ठेवायची ती नेमकी पोस्टकार्डाच्या जाडीची, असा सखाचा हिशोब.

"आता पोस्टकार्ड कुठून आणू?" मालू म्हणाली. मग तिला ट्रंकेची आठवण झाली. तळातून एक पिवळं पडलेलं कार्ड निघालं. सरूचं. धाकट्याच्या बारशाचं आमंत्रण. शेवटची ओळ अशी होती: या खेपेला दाजींना नक्की घेऊन ये, नायतर मी बोलणार नाय.

मालूनं ती ओळ मोठ्यानं वाचली. तिनं कार्डाचा कोपरा फटीत घातला, पॉइंट लावले, स्क्रू आवळला.

"येईन म्हणून कळव तिला," सखा म्हणाला.

"कार्डाला अठरा वर्षं झाली."

"मग फोन कर."

*

पॅनलचा खड्डा हा मालूचा प्रांत, असं ठरलं होतं. गॅरेजवाले पत्रा आतून ठोकून वर आणतात आणि उरलेल्या खळग्यात लांबी, म्हणजे पत्र्याला धरणारी पुट्टी, भरतात. सखानं आदर्शकडून लांबीचा डबा मागवलाही होता. पण सखा डॉक्टरकडे गेला त्या सकाळी मालूनं डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. असला वास मारणारा, बोटांना चिकटणारा पदार्थ तिला पटेना. कारखान्यातून पिशवीभर प्लास्टर आणलं. तीस वर्षं तिनं मोडलेल्या सोंडा, कान, बोटं त्यानंच तर बेमालूम जोडली होती. खड्डा भरला, वाळवला, आधी जाड आणि मग बारीक पेपर मारला. मूर्तीच्या गालासारखा गुळगुळीत झाला. वर अस्तर, वर आभाळी रंग, आणि कडेनं बारीक पांढरी रेघ.

दोन दिवसांनी सखानं पॅनलवरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून फिरवला.

"खड्डा कुठं होता?" तो म्हणाला.

"शोधा."

"नाय सापडत गो! त्याच डब्यातली लांबी?"

मालू चुलीकडं वळली. "हां, तसलीच."

गाडी सुरू करायचा दिवस आला. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकी भरली. हेडलाइट तेवढा बसवला नव्हता. सखा म्हणत होता, आधी लाइट लावून बघू. मालू ऐकेना. "डोळे शेवटी," ती म्हणाली आणि हेडलाइट धुतलेल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवून दिला.

मालूनं हँडल धरलं, रेस हलकी पिळून ठेवली. सखानं चप्पल काढली. किक पायानं मारायची असते. त्याच्या पायाला कंप नव्हता.

पहिली किक. काही नाही. दुसरी, तिसरी. सातव्या किकला गाडी खोकली. आठव्याला धूर आला. नवव्याला इंजिननं जीव धरला आणि अख्खी पडवी फटफटायला लागली. निळा धूर कौलांतून वर निघाला. शेजारची बायजा पलीकडून ओरडली, "मालू गो, डास मारायची गाडी आली काय नगरपालिकेची?"

सखाचं तोंड उघडंच राहिलं होतं. "आवाज," तो म्हणाला, "आवाज तोच हाय."

आणि तेवढ्यात थरथरत्या पॅनलवर एक बारीक चीर उमटली. मालूनं ती बघितली. चीर वळली, फुटली, आणि ताटाएवढा एक आभाळी तुकडा सुटून फरशीवर पडला. फुटला. आतून पांढरंशुभ्र प्लास्टर.

सखानं गाडी बंद केली. तुकडा उचलला, बोटानं खरवडला, बोट जिभेला लावून बघितलं. मालूनं डोळे मिटून घेतले. आता बोलणी बसणार.

आवाज आला तो हसण्याचा. सखा भिंतीला टेकून हसत होता. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हात जसे हवे तसे थरथरत होते आणि तो ते लपवत नव्हता. "अगो," तो म्हणाला, "गनपती बसून असतो गो! ही धावायची हाय!"

"मग आधी सांगायचं," मालू म्हणाली आणि तिलाही हसू फुटलं. किती वर्षांनी दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं नाकाला पदर बांधून लांबीचा डबा उघडला.

*

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी गाडी न्यायची ठरली. सकाळी मालूनं फडक्यातून हेडलाइट काढला, पुसला, बसवला. लाइट लावला तेव्हा तिच्या नेहमीच्या सवयीनं ती दोन पावलं मागं जाऊन, मान वाकडी करून बघत उभी राहिली. ठीक होता. बघत होता.

"तू आंघोळ करून घे," सखा म्हणाला. "पॅनलं मी आदर्शकडून बसवून घेतो."

ती आंघोळीला गेली.

टेम्पो रोह्याला पुलाच्या अलीकडेच थांबवायचा, असा सखाचा हट्ट होता. "दुरुस्त केलेली गाडी टेम्पोतून परत देत नसतात. आपल्या पायानं गेली पायजे." आदर्श कुरकुरत गाडीवर बसला. सखानं किक मारली. आदर्श पहिल्या गिअरात पुलावर निघाला, मागं सखा हात पाठीला बांधून, आणि त्याच्या मागं मालू, हातात कुंचल्यांची पिशवी. टेम्पोत कुठं ओरखडा गेला असेल तर तिथल्या तिथं मिटवायला बरी. खाली कुंडलिका भरतीनं फुगली होती.

सरू ओट्यावरच होती. तिनं आधी गाडी बघितली, मग सखाला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाजी! सापडली वाट?"

"सापडली."

"बारसं झालेला पोरगा यंदा कॉलेजात गेला."

"त्याला पन भेटतो. आधी बाईंकडं जाऊन येतो. चहा टाक तोवर," सखा म्हणाला. सरूनं बहिणीकडं बघितलं. मालूनं डोळ्यांनीच सांगितलं, मग सांगते.

तिसऱ्या घराच्या ओटीवर गिरजाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आजूबाजूला दोरीनं बांधलेली खोकी, आत सुरभीची आवराआवर. गाडीचा आवाज गल्लीत शिरला तेव्हाच म्हातारीनं मान वर केली होती. आदर्शनं गाडी समोर आणून स्टँडवर लावली.

गिरजाबाईंनी गाडीकडं बघितलं. मग सखाकडं.

"आठ दिवस म्हणाला होतास."

सखा पायरीखाली उभा होता. हात पाठीमागं. मालूला त्याच्या पाठीमागून ते दिसत होते. एक हात दुसऱ्याला चेपून धरत होता आणि दोन्ही हलत होते.

"चुकलो, बाई."

"माणूस पाठवून सांगायचंस, पार्ट मिळत नाही म्हणून. मी काय खाल्ला असता तुला?" त्या म्हणाल्या. "बस वर येऊन. ही कोण?"

"आमची मंडळी."

मालूनं नमस्कार केला. सुरभीच्या खांद्याचा आधार घेत गिरजाबाई उठल्या आणि गाडीपाशी गेल्या. सीटवरून हात फिरवला, हुक हलवून बघितला. पांढऱ्या रेघेवरून बोट नेलं. मग म्हणाल्या, "सुरभी, तुला गंमत दाखवते. डावं पॅनल काढ गं. याची एक सवय आहे. काम केलं की आत चोरून नाव टाकतो. त्याला वाटतं, मला माहीत नाही."

सखा एकदम ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि रस्त्याकडं बघू लागला.

आदर्शनं पॅनल काढून उलटं धरलं. गिरजाबाईंनी चष्मा लावला. "एकोणनव्वद... चौऱ्याण्णव... अठ्ठ्याण्णव. आणि ही चौथी." त्या वाकल्या. "हे काय लिहिलंय? सुरभी, वाच बाई."

सुरभीनं वाचलं. "मालू. आणि कालची तारीख."

"मालू कोण?"

मालू पुढं झाली. तीन सरळ, ठसठशीत 'स'च्या खाली खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं होती. 'म'ची रेघ तीनदा सुरू होऊन तीनदा घसरली होती. 'ल'चा एक पाय भलतीकडंच गेला होता. वरची शिरोरेघ तर वारा लागलेल्या दोरीसारखी. काल मालू बाजारात गेली होती. त्या तासाभरात किती वेळा खिळा हातातून पडला असेल, किती वेळा कोपरं पोटाशी आवळून त्यानं श्वास रोखला असेल, ते तिला त्या रेघांतच दिसत होतं. रेघांचं वाचन तिला येत होतं. तेवढंच तर ती आयुष्यभर करत आली होती.

"मी," ती म्हणाली. "मालू मी."

गिरजाबाईंनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडं आणि एकदा ओटीच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या पाठीकडं बघितलं. त्या पाठीमागच्या हातांकडंही बघितलं. सगळी हयात नर्स म्हणून काढलेली बाई होती ती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"सखा," त्या म्हणाल्या, "हात सोड. आवळून धरलेस की जास्त हलतात. इकडे ये, बघू दे मला."

सखा आला. लहान पोरासारखा त्यानं दोन्ही हात पुढं केले. गिरजाबाईंनी ते आपल्या सुरकुतल्या तळव्यांत घेतले आणि गोळी कुठली, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, असं एकेक विचारू लागल्या. सखा सांगत होता.

मालू गाडीपाशीच होती. खिळ्यानं कोरलेल्या अक्षरांत उघडा पत्रा दिसत होता. असाच ठेवला तर एका पावसाळ्यात गंज चढेल. तिनं पिशवी उघडली. आभाळी रंगाची बाटली हाताला लागली. ती तिनं परत ठेवली. दुसरी काढली, लहान, पारदर्शक वार्निशची. मूर्तीच्या डोळ्यांना शेवटी चकाकी देतात, ते.

आदर्श म्हणाला, "आई, वाकडं आलंय ते. नीट करून घे की, तुला काय, दोन मिनिटांचं काम."

"पॅनल हलवू नको," मालू म्हणाली.

तिनं सगळ्यात बारीक कुंचला घेतला, श्वास रोखला, आणि त्या वाकड्या अक्षरांवरून, जिथं रेघ घसरली होती तिथं घसरत, जिथं थांबली होती तिथं थांबत, वार्निश भरत गेली. तिकडून सरूची हाक येत होती, चहा निवतोय म्हणून.